गोळ्या बंद होत्या, त्यात ताप आला

पत्र

डॉक्टर, आम्ही भांडुपला राहतो. माझी वहिनी ३४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला जास्तीचा थायरॉइड निघाला, कार्बिमॅझोल सुरू झालं. वजन वाढायला लागलं म्हणून मे महिन्यात तिने कुणालाही न सांगता गोळ्या सोडल्या. जुलैत ताप आला. डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. तिसऱ्या रात्री ताप १०२.४, उलट्या, जुलाब, आणि ती असंबद्ध बोलायला लागली. घरातल्या ऑक्सिमीटरवर नाडी १५२. जवळच्या नर्सिंग होमने सलाइन लावलं आणि पहाटे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे आयसीयूत ‘थायरॉइड स्टॉर्म’ म्हणाले. आता ती घरी आली आहे. दादा विचारतो, रिपोर्ट यायच्या आधीच एवढी औषधं, अगदी स्टिरॉइडसुद्धा, का दिली? आई म्हणते, हिनेच ओढवून घेतलं. आईला स्वतःला कमीचा थायरॉइड आहे. एल्ट्रॉक्सिन घेते, पण गावी गेली की महिना-महिना घेत नाही. दोघींच्या गोळ्यांचा डबा एकच. हे परत होईल का? हॉस्पिटलात आयोडीनचे थेंब देत होते, ते घरी आणून ठेवू का? की उलट आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव सुरू करू? आणि आईलाही असं काही होऊ शकतं का?
— एक नणंद

उत्तर

सगळ्यात आधी तो डबा. पुढचं सगळं उद्या वाचलंत तरी चालेल, पण दोघींच्या गोळ्या आजच वेगळ्या करा, शक्यतो वेगळ्या खोल्यांत ठेवा. आईंची एल्ट्रॉक्सिन म्हणजे खुद्द थायरॉइडचं हार्मोन. त्यांच्या शरीरात ते पुरेसं बनत नाही म्हणून बाहेरून दिलेलं. वहिनीची कार्बिमॅझोल याच्या नेमकी उलट, तिची ग्रंथी भरमसाट बनवत असलेलं तेच हार्मोन रोखणारी. घरात दोन्हींना ‘थायरॉइडची गोळी’ म्हणत असणार, आणि सकाळच्या गडबडीत कुणी कुणाला कुठली काढून दिली हे कळायला मार्ग नाही.

या निमित्ताने एक गोष्ट वहिनीला एकटीला गाठून विचारा. वजन उतरावं म्हणून तिने आईंच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का? तसं करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हो म्हणाली तर घरात बोभाटा करू नका. तिच्या डॉक्टरांना मात्र हे कळायलाच हवं.

आता जुलैतल्या त्या रात्रीबद्दल. थायरॉइड स्टॉर्म एकट्या थायरॉइडमुळे क्वचितच होतं. ग्रंथी आधीपासून जोरात असते, बहुतेकदा ग्रेव्हज नावाच्या आजारामुळे, आणि त्यावर दुसरा काही घाव बसतो: जंतुसंसर्ग, ऑपरेशन, बाळंतपण, अपघात, स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं आयोडीनचं औषध, किंवा चालू गोळ्या अचानक बंद करणं. वहिनीच्या बाबतीत यातले दोन एकत्र आले. मेमध्ये गोळ्या सुटल्या तेव्हा लगेच काही झालं नाही, म्हणून तिला वाटलं असेल की गोळ्यांवाचून भागतं आहे. मग ताप आला आणि शरीराचा तोल गेला. हृदय, मेंदू, यकृत, आतडी, सगळ्यांवर एकदम ताण येतो. आयसीयूत उपचार मिळूनही यात १०० पैकी साधारण ८ ते २५ रुग्ण दगावल्याचे वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे आहेत. ती घरी आली ही लहान गोष्ट नाही.

दादांचा प्रश्न रास्त आहे. हॉस्पिटलचं बिल हातात आलं की असे प्रश्न पडतातच. पण इथे डॉक्टरांनी रिपोर्टची वाट पाहिली असती तर मी त्यांना दोष दिला असता. कारण असं, की स्टॉर्ममधल्या रुग्णाचे टी-३, टी-४ (रक्तातल्या थायरॉइड हार्मोनचे दोन प्रकार) हे आकडे साध्या जास्तीच्या थायरॉइडवाल्या माणसाइतकेच असू शकतात. ‘स्टॉर्म आहे’ असं सांगणारा रक्ताचा रिपोर्ट अस्तित्वातच नाही. निदान होतं ते रुग्णाकडे बघून. १९९३ साली बर्च आणि वॉर्टोफ्स्की या दोन डॉक्टरांनी त्यासाठी गुणांचा एक तक्ता केला, तो आजही वापरात आहे. तुमच्या पत्रातल्या नोंदी त्यात घालून पाहा. १०२.४ तापाचे २० गुण, १४० च्या वर नाडीचे २५, असंबद्ध बोलण्याचे २०, उलट्या-जुलाबांचे १०, आणि आजार चिघळवणारं कारण समोर दिसतंय त्याचे १०. झाले ८५. या तक्त्यात ४५ किंवा त्याहून जास्त गुण झाले की स्टॉर्म धरून उपचार सुरू करायचे असतात. दादांना हा हिशेब दाखवा.

मग औषधं इतकी का? कारण एक औषध एकाच दारावर पहारा देतं. कार्बिमॅझोल किंवा प्रोपिलथायोयुरॅसिल नवं हार्मोन बनणं थांबवतं, पण ग्रंथीत कित्येक आठवड्यांचा साठा तयार असतो, तो रक्तात येतच राहतो. तो अडवायला आयोडीन. आधीच रक्तात उतरलेल्या हार्मोनमुळे हृदय उधळलेलं असतं, ते आवरायला प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध (वहिनीला दमा असेल तर हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर श्वास अडकतो). आणि दादांना खटकलेलं स्टिरॉइड: टी-४ चं अधिक जहाल टी-३ मध्ये रूपांतर होतं, त्याला ते आळा घालतं, शिवाय अशा ताणात मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडू शकतात, त्यांची बाजूही सांभाळतं. ही नेहमीची, जगभर ठरलेली मांडणी आहे. त्याबरोबर ताप उतरवणं, पाणी-क्षार भरून काढणं, आणि संसर्ग शोधून त्यावर अँटिबायोटिक. एवढं करूनही रुग्ण ढासळतच गेला, तर रक्तातला प्लाझ्मा बदलण्यापर्यंत मजल जाते.

आयोडीनचे थेंब घरी ठेवू का, याचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. कारण मात्र समजून घ्या, मग मिठाचाही उलगडा होईल. थायरॉइड ही परळची जुनी गिरणी समजा, तर आयोडीन हा तिचा कापूस. आधी माग बंद पाडायचे, म्हणजे कार्बिमॅझोलसारखी गोळी द्यायची, आणि निदान एक तास गेल्यावर मोठ्या मात्रेत आयोडीन द्यायचं. इतकं आयोडीन एकदम आलं की काही दिवस गिरणीचं गेट बंद होतं, तयार माल बाहेर पडत नाही. हा क्रम उलटला, माग चालू असताना कापूस आत गेला, तर त्याचाच माल विणून निघण्याची भीती. म्हणून हे थेंब घड्याळ लावून, आयसीयूतच. आणि मिठातलं आयोडीन? मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि आयोडीनयुक्त मीठ ती गरज भागवतं. स्टॉर्म त्याने येत नाही. सैंधवावर जाऊन वहिनीचा आजार बरा होणार नाही, आणि आईंना तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. नेहमीचं मीठ चालू ठेवा. टाळायचं ते वेगळंच: समुद्रशेवाळाच्या ‘नैसर्गिक थायरॉइड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल. आणि सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीआधी तिथल्या माणसाला वहिनीचा आजार सांगायला विसरू नका. त्या इंजेक्शनातलं आयोडीन मिठाच्या हिशेबात बसत नाही इतकं जास्त असतं.

परत होईल का? गोळ्या नेमाने चालू राहिल्या, तपासण्या वेळेवर झाल्या, तर शक्यता फार कमी. पण समजा पुन्हा पावसाळ्यात ताप आलाच. मुंबईत जुलै ते सप्टेंबर ताप आला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो हेच डोळ्यांसमोर येतात आणि यायलाही हवेत. वहिनीच्या बाबतीत तापाइतकंच नाडीकडे बघा. ताप एक अंश फॅरनहाइटने चढला तर नाडी साधारण दहाने वाढते. म्हणजे १०२ तापात ११०-११५ पर्यंत नाडी समजू शकते, १५० नाही. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर तुमच्याकडे आहेच, त्यावर नाडीचा आकडा असतो. तरी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा, म्हणजे ठोके अनियमित आहेत का तेही कळेल. पडून असताना नाडी १३० च्या पुढे आणि त्यासोबत खूप ताप, सततच्या उलट्या-जुलाब, धाप, डोळे पिवळे होणं, विलक्षण बेचैनी किंवा बोलण्यात घोळ यातलं काही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. आणि बोलण्यात घोळ असेल तर नाडीचा आकडा काही का असेना, निघा.

नेताना आयसीयू आणि चोवीस तास लॅब असलेल्या ठिकाणीच न्या. छोट्या नर्सिंग होमवर माझा राग नाही. अर्ध्या मुंबईचे ताप-जुलाब तेच निस्तरतात. पण हा आजार त्यांच्या आवाक्यातला नाही आणि सलाइनमध्ये रात्र जाते. पालिकेची केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं रात्रीबेरात्री उघडी असतात, तुमच्या बाजूला खासगीही आहेत. कुठलं, हे आत्ताच ठरवा. भर पावसात एलबीएस रोडवर अडकल्यावर फोन लावत बसू नका. गाडी नसेल तर १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स मोफत आहे. वाटेत कपडे सैल करा, साध्या पाण्याने अंग पुसा. ताप उतरवायला पॅरासिटॅमॉलच, ॲस्पिरिन किंवा डिस्प्रिन नको: ॲस्पिरिन प्रथिनांना चिकटलेलं थायरॉइड हार्मोन सुटं करतं, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून घरीच मूठभर कार्बिमॅझोल देणं, हेही नको.

आणि कॅज्युअल्टीच्या दारात पहिलं वाक्य हे असू द्या: ‘हिला जास्तीचा थायरॉइड आहे, कार्बिमॅझोल अमुक तारखेपासून बंद आहे, आणि तीन दिवस ताप आहे.’ नुसतं ‘थायरॉइड आहे’ म्हणालात तर ऐकणारा डॉक्टर कमीचा समजण्याची शक्यता जास्त, कारण तसलेच पेशंट त्याच्याकडे ढिगाने येतात. तुमच्या पत्रावरून वाटतं, जुलैत हे वाक्य कुणी बोललंच नाही. बोलणार तरी कसं, गोळ्या बंद आहेत हे फक्त वहिनीला माहीत होतं आणि ती भ्रमात होती. फॅमिली डॉक्टरांनाही ते कळलं नाही. वहिनीच्या पाकिटात आणि तुमच्या फोनमध्ये गोळीच्या पाकिटाचा, शेवटच्या रिपोर्टचा फोटो राहू द्या.

गोळी बंद करू नका म्हणते आहे, पण त्याला एक अपवाद आहे आणि तो वहिनीला पाठ हवा. कार्बिमॅझोल चालू असताना घसा फार दुखून ताप आला, तोंडात फोड आले, तर पुढची गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. हजारात दोन ते पाच जणांमध्ये या औषधाने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. हे बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत होतं, पण खंड पडून औषध नव्याने सुरू झालं की तेव्हाही होऊ शकतं, आणि तिचं आत्ताच नव्याने सुरू झालं आहे. पेशी ठीक निघाल्या तर गोळी लगेच पुन्हा सुरू. ‘बघू दोन दिवस’ नको, कुठल्याच बाजूने.

आता आई. हो, त्यांनाही होऊ शकतं, पण चित्र पूर्ण वेगळं. त्यांच्या आजाराच्या टोकाला मिक्सिडीमा कोमा म्हणतात. नावात कोमा असला तरी माणूस सुरुवातीला बेशुद्ध नसतो. मंद होत जातो. दिवसा झोप, बोलणं जड, आवाज घोगरा, चेहरा आणि पापण्या सुजलेल्या, अंग गार, नाडी पन्नासच्या खाली, श्वास संथ. घरात म्हणतात, ‘वय झालं, थकल्यात.’ वहिनीच्या आजारात घर हादरतं, या आजारात घराच्या लक्षातच येत नाही, म्हणून मला आईंची काळजी काकणभर जास्त वाटते. मुंबईत कुठली आलीय थंडी, असं म्हणून हे उडवून लावू नका. थंडीत हा जास्त दिसतो हे खरं, पण इथे निमित्त बहुधा न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, झोपेची गोळी किंवा खोकल्याचं गुंगी आणणारं औषध असतं. आणि फसवणारी गोष्ट ही, की अशा रुग्णाला संसर्ग असूनही ताप येत नाही. थर्मामीटर ९८ दाखवतो आणि सगळे निर्धास्त.

तसं झालं तर घरी गरम पाण्याच्या पिशव्या, शेक, हीटर नको. आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडून रक्तदाब कोसळतो. चादर किंवा ब्लँकेट पांघरा, एवढंच. गुंगीत असताना चहा, साखरपाणी, गोळी काहीही तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जातं. हॉस्पिटलात आधी स्टिरॉइड आणि मग थायरॉइडचं हार्मोन देतात, कारण अ‍ॅड्रिनल कमजोर असताना नुसतं हार्मोन दिलं तर उलटं बेतू शकतं. साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅमची पहिली मात्रा शिरेतून देतात. वय जास्त असेल किंवा हृदय अशक्त असेल तर कमी. आपल्याकडे हे इंजेक्शन सगळीकडे मिळतं असं नाही, तेव्हा नाकातल्या नळीतून गोळ्या देऊनही उपचार होतात. श्वास मंदावला असेल तर व्हेंटिलेटर. सोडियम, साखर, संसर्ग हे सगळं त्यासोबत.

इतकं वाचून आईंना घाबरवू नका. एक दिवस गोळी राहिली तर काही होत नाही. या हार्मोनचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे आठवडा लागतो. पण त्याच कारणाने महिनाभर सोडल्यावरसुद्धा ‘मला काही झालं नाही’ असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. उपवासाचं कारण तर चालणारच नाही. गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते, चहाआधी अर्धा-पाऊण तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांच्या अंतराने. गावी जाताना दोन महिन्यांच्या गोळ्या बॅगेत तुम्ही स्वतः टाका. त्या म्हणाल्या की जन्मभर गोळी म्हणजे कंपन्यांचा धंदा, तर त्यांना १८९१ सालची गोष्ट सांगा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे या डॉक्टरने मिक्सिडीमा झालेल्या ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तोवर या आजारावर इलाजच नव्हता. ती बाई पुढे २८ वर्षं जगली, अर्क घेत घेत, आजची एल्ट्रॉक्सिनची गोळी निघण्याच्या कितीतरी आधी.

‘हिनेच ओढवून घेतलं’ हे वाक्य घरात बंद करा. तुमच्याही पत्रात त्याचा थोडा सूर लागला आहे, रागावू नका. जास्तीच्या थायरॉइडमध्ये गेलेलं वजन उपचाराने परत येतं, काहींचं आधीपेक्षा चार किलो जास्तच. हे गोळ्या सुरू करताना तिला कुणी सांगितलं होतं का? की ती सुटायला लागली तेव्हा घरात थट्टा झाली? चौतिशीतल्या बाईने लपवून गोळ्या सोडल्या, त्यामागे काहीतरी ऐकून घेतलेलं असतं. आता तिला धाक घातलात तर पुढच्या वेळी ती आणखी नीट लपवेल. वजनासाठी आहारतज्ज्ञ आहे, चालणं आहे, डॉक्टरांशी बोलून मात्रेचा विचार आहे.

शेवटची गोष्ट कायमच्या उपायाची, तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. एकदा स्टॉर्म येऊन गेल्यावर वर्षानुवर्षं गोळ्यांवर राहण्यापेक्षा ग्रंथीचाच बंदोबस्त करावा, असं बहुतेक तज्ज्ञ सुचवतात. एक वाट ऑपरेशनची, दुसरी रेडिओआयोडीनची, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन ग्रंथी निकामी करण्याची. रेडिओआयोडीनसाठी लांब जायची गरज नाही. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि थायरॉइड हे तिथलं जुनं काम. मात्र हॉस्पिटलात तिला आयोडीनचे थेंब मिळाले आहेत, ते शरीरातून निघून जाईपर्यंत काही आठवडे ते महिने थांबावं लागेल. डोळे पुढे आले असतील तर तेही आधी सांगा, रेडिओआयोडीनने ते बिघडू शकतात. बाळाचा विचार असेल तर हे सगळं त्याआधी बोलायला हवं: रेडिओआयोडीननंतर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात, आणि कार्बिमॅझोलवर असतानाही पहिल्या तीन महिन्यांसाठी गोळी बदलावी लागते. दोन्ही वाटांनी बहुतेकदा पुढे आईंसारखीच रोजची एल्ट्रॉक्सिन लागते, हे वहिनीला आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर फसवल्यासारखं वाटेल. पुढच्या भेटीला दादांना सोबत जायला सांगा, आणि वहिनीचे प्रश्न वहिनीलाच विचारू द्या.